व्हिसा संपला म्हणून सरकारचा हात सुटत नाही

पुसद-दिग्रसकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला आहे. काल तो मावशीच्या फोनवरून आला, खाली प्रश्न: "हे खरं हाये का रे?" मेसेजचं म्हणणं असं: व्हिसा संपून परदेशात पकडला गेलेल्या माणसासाठी सरकारला काही करता येत नाही, तिकडचे पोलीस एम्बसीला आपोआप कळवतात, आणि घरच्यांनी एम्बसीला सांगू नये, पोरगं काळ्या यादीत जातं, त्यापेक्षा एजंटला पैसे द्या, तो सोडवून आणतो.

पहिली थाप. व्हिसा त्यांचा असतो, पासपोर्ट आपला. व्हिसा संपल्यानं नागरिकत्व जात नाही. 1963 च्या व्हिएन्ना कराराचं कलम 36 अडकलेल्या माणसाला आपल्या वकिलातीशी संपर्काचा हक्क देतं, आणि त्यात अटक, तुरुंग आणि 'इतर कोणत्याही प्रकारे' अडकवून ठेवणं, सगळं येतं. शंका असेल त्यानं दियालो खटला पाहावा. गिनी देशाच्या या व्यापाऱ्याला काँगोनं हकालपट्टीसाठी डांबलं होतं, गुन्ह्याच्या खटल्यासाठी नाही. 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं काँगोला दोषी धरलं: वकिलातीशी संपर्काचा हक्क, त्यानं विचारायची वाट न पाहता, त्याला सांगायला हवा होता. 2012 मध्ये भरपाई ठरली 95,000 डॉलर. गिनी सरकार त्याच्यासाठी भांडलं म्हणून हे झालं.

'आपोआप कळवतात' हेही चूक. हक्क सांगायचा त्यांनी, पण 'माझ्या वकिलातीला कळवा' हे म्हणायचं कैद्यानं. भीतीपोटी 'नको' म्हणून सही केली की फोन जात नाही. (आपल्याच सरकारपासून जिवाला धोका आहे म्हणून आश्रय मागणाऱ्यानं मात्र आधी वकिलाशी बोलावं. तेवढ्यापुरतं 'सांगू नका' बरोबर आहे.)

आता ती काळी यादी आणि तो एजंट. पुन्हा प्रवेशाची बंदी तो देश आपल्या कायद्यानं घालतो. एम्बसीला कळलं काय, न कळलं काय, तिच्यात फरक पडत नाही. उलट पासपोर्ट हरवला असेल किंवा मालकानं दाबून ठेवला असेल तर परतीसाठी इमर्जन्सी सर्टिफिकेट लागतं, आणि ते देते फक्त वकिलात. तो कागद नाही तर विमान नाही, आणि विमान नाही तोवर कोठडी. त्याआधी माणूस भारतीयच आहे याची पडताळणी होते. पासपोर्टाची झेरॉक्स किंवा नुसता नंबर असला तरी काम लवकर होतं. तेही नसेल तर चौकशी गावच्या ठाण्यापर्यंत येऊ शकते, आणि घोळ तिथंच होतो: पोलीस दारात पाहून घरचे घाबरतात, 'आम्हाले काई माहीत नाई' म्हणतात, आणि तिकडं पोरगं महिनोन्‌महिने बसून राहतं. दुसरा घोळ नावाचा. टीसीवर 'विठ्ठल', आधारवर 'विठ्ठलराव'. दोन्ही कागद पाठवा आणि फरक स्वतःच लिहून कळवा. सातबारा पाठवू नका, तो जमिनीचा कागद आहे.

तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंदवा, नोंदणी क्रमांक जपून ठेवा. अमेरिकेत असेल तर त्याचा नऊ आकडी 'ए-नंबर' (तिथलं इमिग्रेशन खातं देतं तो) आणि जन्मदेश मिळवा. कोठडी ऑनलाइन त्यावर सापडते; नंबर नसेल तर नाव आणि जन्मदेशावरही शोधता येते.

पैशाचं म्हणाल, तर 2009 पासून वकिलातींकडं भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. खरोखर गरजू असेल तर तिकीट, किरकोळ दंड, वकिलाची मदत त्यातून होऊ शकते. सगळ्यांना मिळतेच असं नाही, हेही खरं. नोंदणीकृत एजंटची नोकरीसाठीची फी कायद्यानं 30,000 रुपये अधिक जीएसटी इतकीच. 'सोडवणूक फी' नावाची चीज त्यात कुठंच नाही.

मेसेजमधलं अर्धं सत्य एवढंच की सरकार तिकडचा कायदा मोडून कुणाला सोडवू शकत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेचं लष्करी विमान 104 जणांना बेड्या घालून अमृतसरला उतरलं, तेव्हा परराष्ट्रमंत्री राज्यसभेत म्हणाले की आपले नागरिक परत घेणं हे प्रत्येक देशाचं कर्तव्यच आहे. कबूल. पण परत घ्यायचं कर्तव्य मान्य असेल, तर कोठडीत जाऊन भेटायचं, बेड्यांबद्दल विचारायचं, कागद लवकर द्यायचं कामही त्याच सरकारचं. आणि ते मागायला आधी कुणीतरी अर्ज तर करायला पाहिजे ना.