जाहिरातीतलं घर एकदा भुसावळच्या उन्हात उभं करून दाखवा

मे महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर मावसभावानं एक फोटो टाकला, भुसावळच्या बाहेर नवीन लेआउट पडलाय तिथल्या रो हाऊसची जाहिरात. दोन मजल्यांइतका उंच हॉल, समोरची सगळी भिंत काचेची, बाहेर हिरवंगार लॉन. मावशीचे मिस्टर रेल्वेतून रिटायर झालेत, क्वार्टर सोडल्यापासून भाड्यानं राहतात, त्यामुळे ग्रुपवर लगेच सगळ्यांचे अंगठे पडले आणि काका टोकन द्यायला निघाले पण. तेवढ्यात मावसभावाच्या मुलाचा, आठवीतल्या पोराचा, मला वेगळा मेसेज आला, "आत्या, हे घर खरं नाहीये, गेममधलं आहे. मी बघितलंय, याच्या मागे तळं पण आहे."

त्यानं लिंक पाठवली आणि खरंच तेच घर. द सिम्स नावाच्या, घरं बांधून त्यात माणसं वसवायच्या गेममध्ये कुणीतरी खेळाडूनं हौसेनं बांधलेलं, त्याचा स्क्रीनशॉट उचलून कोपऱ्यात स्कीमचं नाव चिकटवलेलं. मी डिप्लोमा सिव्हिल केलंय, बारा वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढते, पण माझ्या लक्षात आलं नव्हतं, पोराच्या आलं.

मी साइटवर गेले. प्लॉट पंचवीस बाय चाळीस, पश्चिमेला तोंड, जिथं तळं दिसत होतं तिथं मागच्या घराची दोन मजली आंधळी, एकही खिडकी नसलेली भिंत. ऑफिसमधला मुलगा म्हणाला, "मॅडम, तो फोटो फक्त आयडिया यावी म्हणून आहे." आयडिया कसली येणार त्यातून? काकांना तर त्या फोटोत स्वतःची खुर्ची कुठे ठेवायची ते पण दिसायला लागलं होतं.

आता माझं म्हणणं नीट ऐका, मी गेमच्या विरोधात नाहीये, उलट बाजूनंच आहे. द सिम्स २००० साली आला, तो बनवणाऱ्या विल राइटचं घर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या मोठ्या आगीत जळालं होतं आणि परत सगळं उभं करताना, घरात माणसाला नेमकं काय लागतं या विचारातून ती कल्पना पुढे आली. सुरुवातीला तो घर बांधायचाच गेम होणार होता, त्यातली माणसं होती ती बांधलेलं घर चांगलं की वाईट हे दाखवायला. माणूस आधी ठेवला तर गेम किती कामाचा होतो बघा. फोर्टनाइट हा गेम ज्या अनरियल इंजिनवर, म्हणजे चित्रं उभी करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालतो त्याच इंजिनवर आज आर्किटेक्ट लोक घरं दाखवतात. ट्विनमोशन नावाचं घरं दाखवायचं सॉफ्टवेअर फोर्टनाइटवाल्या एपिक कंपनीनंच २०१९ मध्ये विकत घेतलं, आता छोट्या ऑफिसांना ते फुकट मिळतं. नकाशा वाचता न येणाऱ्या माणसाला बांधकामाच्या आधी घरात फिरवता येतं, ही आमच्या कामात केवढी मोठी सोय आहे.

पण गेममधलं घर खेळण्यासाठी केलेलं असतं हे लोकांना माहीत नसतं. बऱ्याच गेममध्ये कॅमेरा खेळाडूच्या पाठीमागे चालतो, तो भिंतीत घुसू नये म्हणून दारं, पॅसेज, छत सगळं खऱ्यापेक्षा मोठं ठेवतात. शिवाय कॅमेऱ्याला एका वेळी दिसणारा कोन पण रुंद, पुष्कळ गेममध्ये ९० अंशांच्या आसपास, म्हणून दहा बाय दहाची खोली लग्नाच्या हॉलसारखी वाटते. खऱ्या दहा बाय दहात सहा बाय साडेसहाचा बेड आणि कपाट टाकलं की दार उघडताना आडवं व्हावं लागतं.

आणि ऊन! त्या फोटोतलं ऊन कोवळं, पिवळसर, कुठल्यातरी थंड देशातलं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ सहज होतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावली, आणि संध्याकाळी थोडा उत्तरेकडे सरकून पश्चिमेला उतरतो. पाच वाजताचं ऊन दोन फुटाच्या छज्जाखालून सरळ आत घुसतं. माझं आजोळ यावल तालुक्यातलं, धाब्याचं घर, मातीच्या भिंती दोन-दोन फूट जाड, खिडक्या बेताच्या, पुढे ओटा. भर दुपारी आत माठाजवळ गार फरशीवर झोपायचो आम्ही. त्याच मुलखात पश्चिमेला काचेची भिंत विकायची आणि ती पण गेममधून उचलून, याचा मला मनापासून राग येतो.

मग मी त्या प्लॉटवर जाहिरातीतल्यासारखंच घर सॉफ्टवेअरमध्ये उभं केलं, मागची आंधळी भिंत पण घातली, ठिकाण भुसावळ, तारीख २५ मे, वेळ संध्याकाळचे पाच. लॅपटॉप काकांसमोर ठेवला. ऊन हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेलेलं. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मग मी पेपर कुठं वाचायचा?" हे सेटिंग त्याच सॉफ्टवेअरमध्ये असतं, पाच मिनिटांचं काम आहे, बिल्डरला दाखवायचंच नसतं म्हणून दाखवत नाही.

कायदा पण आहे हो. रेरा म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा २०१६ चा कायदा, त्यात कलम १२ आहे, जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई मिळते, बाहेर पडायचं असेल तर व्याजासकट पैसे परत. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेरात, म्हणजे त्या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणात, नोंदलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड लागतो, तो स्कॅन करून मंजूर नकाशा बघा, फोटो नंतर. फक्त आपल्याकडे अडचण अशी की जागा ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा घरं आठपर्यंत असली तर नोंदणीच लागत नाही आणि जळगाव, धुळे, भुसावळकडे अशा चार-सहा रो हाऊसच्या स्कीमच जास्त. तिथं काय ते आपणच विचारायचं. प्लॉटचं माप, तोंड कुठल्या दिशेला, शेजारी काय आहे, आणि मे महिन्यातलं चार-पाचचं ऊन घालून चित्र द्या म्हणायचं, लेखी मागायचं.

काकांनी टोकन दिलं नाही. दुसरा प्लॉट बघितलाय, पूर्वेला तोंड असलेला, तेवढाच. पोरगं आता त्या प्लॉटवरचं घर माइनक्राफ्ट नावाच्या ठोकळ्यांच्या गेममध्ये बांधतंय, त्यात एक ठोकळा एक मीटरचा, म्हणजे प्लॉट आठ ठोकळे बाय बारा ठोकळे. मावशीनं सांगितलं गच्चीवर जायचा जिना बाहेरून ठेव, कुरडया-पापड वाळत घालायला सारखं घरातून जावं लागू नये. काल रात्री काका त्याच्याशेजारी चष्मा लावून बसले होते आणि सांगत होते, "ओटा अजून एक ठोकळा रुंद कर, संध्याकाळी खाट मावली पाहिजे."