तांबटाला रोप नको, वाळकी फांदी हवी

"एक जुनं झाड गेलं तर दहा रोपं लावा, पक्षी परत येतात" असं एका लेखात वाचलं, ते काय पटलं नाही बघा. रोप लावलं म्हणजे ढोली, जुन्या खोडातली पोकळी, मिळते काय? पिंगळा, पोपट, धनेश ह्यांना ढोली लागते, आणि धनेशाची मादी तर ढोलीचं तोंड लिंपून आतच बसते, नर बाहेरनं फळं आणून भरवतो, तीन वर्षांच्या कडुलिंबात ती कुठं बसणार?

आमच्या टिळकवाडीत घरासमोर गुलमोहराला एक वाळकी फांदी होती, तांबट पक्षी तिला खालच्या बाजूनं भोक पाडून राहायचा, सकाळी चहा घेताना टुक टुक चालूच. मागच्या मार्चमध्ये वायरींना लागायली म्हणून माणसं आली आणि फांदीच काय, अर्धं झाड उतरवून गेली. आत पिल्लं होती काय की, बघायलाही कोण थांबलं नाही, भुसा तेवढा माझ्या स्कूटरवर. छाटायचंच तर फेब्रुवारी ते एप्रिल सोडून छाटा की, तेव्हाच तांबटाची वीण जोरात असते. आणि वाळकी फांदी वायरीपासनं लांब असली तर राहू दे की तशीच, कुणाचं काय खाते ती!