४३२ हर्ट्झचा ‘खास’ ट्यूनर घेऊ नका

गेले काही आठवडे एक संदेश गोव्यातल्या मराठी घरांत या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: गिटारच्या टोकाला चिमट्यासारखे अडकवून तार सुरात आहे का ते दाखवणारे साधे क्लिप ट्यूनर ४४० हर्ट्झवर, म्हणजे ए हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा धरून, कायमचे बांधलेले असतात. ४४० हा हिटलरच्या माणसांनी जगावर लादलेला सूर, त्याने चिडचिड, डोकेदुखी आणि रक्तदाब वाढतो. आपल्या ऋषींचा सूर ४३२, कारण कलियुग ४,३२,००० वर्षांचं. म्हणून ‘४३२ प्रमाणित’ ट्यूनरच घ्या. शेपटाला आणखी तीन मुद्दे आहेत: क्लिपचं रबर गिटारचं पॉलिश खातं, ट्यूनरमुळे कान बिघडतो, आणि परवडत नसेल तर फोनमधलं ॲप पुरे.

हा संदेश माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी पोचला. तिच्या मुलीचा चांगला चालणारा ट्यूनर कपाटात गेला आणि ‘४३२’ छापलेला दुसरा दामदुप्पट पैसे देऊन आला. मग भाचीने मला विचारलं, “मावशी, माझ्या गिटारमुळे आजीचा बीपी वाढतो काय?” मी फोंड्यात मुलांना गिटार शिकवते. मुलं सराव सोडतात त्याची कारणं नेहमीचीच असतात, बोटं दुखतात, शाळेचा अभ्यास वाढतो. पण आपल्या वाजवण्याने घरच्या माणसाला अपाय होतो, ही भीती एका लेकराच्या मनात घालणं मला सहन होत नाही.

तेव्हा आधी ऋषींचा मुद्दा, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं. आपल्या जुन्या कालगणनेत सेकंद कुठे आहे? दिवसाच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळं, पळाची ६० विपळं. पंचांग बघणाऱ्या कुणालाही विचारा. घटिका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं, विपळ ०.४ सेकंदाचं. आता ऋषींच्या मापाने मोजू. ४३२ हर्ट्झचा सूर एका विपळात १७२.८ वेळा कंप पावतो. आणि ज्या ४४० ला राक्षस ठरवलंय, तो बरोबर १७६ वेळा. म्हणजे आपल्याच मापाने मोजलं तर ४३२ चा पूर्णांकही उरत नाही. सेकंद हे माप बदललं की आकडा बदलतो. युगाच्या वर्षांशी त्याची सांगड घालणं ही नुसती आकड्यांची जुळवाजुळव झाली.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या संगीतात षड्ज कुठल्याच आकड्याला बांधलेला नाही. ज्याचा त्याचा गळा, ज्याची त्याची पट्टी. बाई काळी चारमध्ये गाईल, बुवा काळी एकमध्ये, आणि तंबोरा त्याप्रमाणे लावला जाईल. मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई ही ज्या मातीतली माणसं, त्या मातीत ‘भारतीय सूर म्हणजे ४३२’ असं कुणी लिहितं आणि आपण ते पुढे ढकलतो, याचा मला मनापासून राग येतो. षड्ज मोकळा ठेवणं ही या परंपरेची मोठी देणगी आहे. त्याला एका आकड्यात कोंबून वर ऋषींचं नाव देणं हा परंपरेचा अपमान आहे.

हिटलरचं प्रकरण तारखांनी मिटतं. जर्मनीत योहान शायब्लर या माणसाने ४४० ची शिफारस केली ती १८३४ साली. तेव्हा हिटलर जन्मायला अर्धशतकाहून अधिक काळ होता. अमेरिकेच्या मानक संस्थेने ४४० स्वीकारला १९३६ मध्ये. मे १९३९ ला लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिने तोच आकडा घेतला. बैठक लंडनची, आणि तिथे फ्रान्स, ब्रिटनचेही प्रतिनिधी होते. हिटलरच्या हुकमाने ते चालले होते असं म्हणायचं काय? पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९५५ मध्ये शिफारस म्हणून आणि १९७५ मध्ये मानक म्हणून हेच नोंदवलं. त्या मानकाचं नाव आयएसओ १६. ते फार छोटं आहे. ए हा स्वर, म्हणजे पेटीवरची मधल्या सप्तकातली पांढरी सहा, ४४० हर्ट्झ धरावी, एवढाच त्याचा गाभा. वेगवेगळ्या गावांतली वाद्यं एकत्र वाजावीत यासाठी ठरवलेलं ते एक माप आहे. सक्तीही नाही. युरोपातले कित्येक वाद्यवृंद आजही ४४२-४४३ वर लावतात, आणि बरोक काळातलं, म्हणजे युरोपातलं सतराव्या-अठराव्या शतकातलं, संगीत वाजवणारे ४१५ वर.

अर्धसत्य एक आहे, ते मान्य करते. इटालियन संगीतकार व्हेर्दीने १८८४ मध्ये ४३२ ची बाजू घेतली होती. त्या काळात वाद्यवृंदांची पट्टी चढत चालली होती आणि गायकांचे गळे ताणले जात होते, ही त्यामागची काळजी. फ्रान्सने तर १८५९ मध्येच ४३५ कायद्याने ठरवला होता. म्हणजे वाद गळ्याचा होता, ग्रहताऱ्यांचा नव्हता. आणि हो, इटलीत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक अभ्यासात ३३ जणांना ४३२ आणि ४४० वर लावलेलं संगीत ऐकवलं, तेव्हा ४३२ ऐकताना नाडी जराशी कमी आढळली. ३३ माणसं, प्राथमिक अभ्यास. एवढ्या आधारावर कुणाच्या आजीच्या रक्तदाबाचं खापर मुलीच्या गिटारवर फोडता येत नाही.

आता नुकसान बघा. ४४० आणि ४३२ यांत सुमारे ३२ सेंटचा फरक आहे. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांत १०० सेंट असतात, म्हणजे गिटार जवळजवळ एक तृतीयांश पट्टी उतरते. एकटीने खोलीत वाजवलं तर काही कळणार नाही, कारण सगळ्या तारा सारख्याच उतरलेल्या असतात. पण भाची चवथीच्या कार्यक्रमाच्या सरावाला गेली. तिथे कीबोर्ड ४४० वर. तिची पहिली तार ३२९.६ ऐवजी ३२३.६ हर्ट्झवर, म्हणजे दोन्ही सूर एकत्र वाजले की आवाज सेकंदाला सहा वेळा लाटेसारखा चढणार-उतरणार. सगळ्यांना बेसूर ऐकू आलं, बोट तिच्याकडे दाखवलं गेलं, आणि आपल्यालाच सूर कळत नाही असं समजून ती घरी आली. आकडा चुकीचा होता, मुलीचा कान नव्हे! कान शाबूत होता म्हणूनच तर तिला ते टोचलं.

आणि त्या खास ट्यूनरची गरज तरी काय? ‘साधे ट्यूनर ४४० वर बांधलेले असतात’ हे वाक्यच खोटं आहे. बाजारातल्या बहुतेक साध्या क्लिप ट्यूनरवर कॅलिब्रेशनचं बटण असतं, आणि साधारण ४३० ते ४५० पर्यंत आकडा हलवता येतो. कुणाला ४३२ वर वाजवून बघायचंच असेल तर त्याच ट्यूनरवर बटण दाबून बघावं, माझी काही हरकत नाही. या बटणाचा खरा उपयोग वेगळा आहे. आपल्याकडच्या जुन्या पेट्या पुष्कळदा ४४० वर नसतात, कुठे थोड्या चढ्या, कुठे उतरलेल्या. भजनाला गिटार घेऊन बसायचं तर पेटीवाल्याला पांढरी सहा धरायला सांगा, ट्यूनर पेटीच्या लाकडाला लावा, काटा मधोमध येईपर्यंत कॅलिब्रेशनचा आकडा हलवा आणि मग तारा लावा. पेटीच्या आतल्या धातूच्या स्वरपट्ट्या (रीड) कुणी कानस घेऊन बदलणार नाही, गिटारच्या खुंट्या मात्र आपल्या हातात आहेत.

याच बटणाचा एक त्रासही आहे. पिशवीत ते चुकून दाबलं जातं. गिटार ‘लावलेली’ असूनही बाकीच्यांशी जमत नसेल तर ट्यूनरच्या स्क्रीनवर कोपऱ्यात छोटा आकडा असतो तो बघा. ४४० ऐवजी ४३७ दिसेल.

पॉलिशच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. नायट्रोसेल्युलोज लॅकर असलेल्या गिटारवर काही प्रकारचं रबर दिवसेंदिवस दाबून राहिलं तर डाग पडतो, आणि आपल्या उकाड्यात तो लवकर पडत असणार. पण नायट्रो लॅकर सहसा महागड्या नाहीतर जुन्या गिटारवर असतो. मुलांना आपण घेऊन देतो त्या गिटारवर बहुतेक पॉलियुरेथेन किंवा पॉलिस्टरचा थर असतो, त्याला काही होत नाही. तरी वाजवून झालं की क्लिप काढून ठेवा. एवढ्याने प्रश्न संपतो.

कान बिघडण्याबद्दल: ट्यूनर कान बिघडवत नाही, आळस बिघडवतो. माझ्या मुलांना मी फक्त पाचवी तार ट्यूनरवर लावू देते. बाकीच्या पाचव्या पडद्याच्या पद्धतीने, म्हणजे जाड तार पाचव्या पडद्यावर दाबून तिच्या सुराशी पुढची बारीक तार जुळवत, कानाने लावायच्या, फक्त दुसरी तार तिसरीच्या चौथ्या पडद्याशी जुळवायची, आणि शेवटी ट्यूनर लावून तपासायचं. किती चुकलं ते डोळ्यांनी दिसतं आणि कान दर आठवड्याला नेमका होत जातो.

इथे शास्त्रीय संगीत असलेल्या घरांतून एक तक्रार नेहमी येते, आणि ती खरी आहे. सगळ्या तारांवर हिरवा दिवा लागला तरी गिटारचा गंधार चढा वाटतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो, गिटारच्या पडद्यांवरचा ४०० वर. चौदा सेंटचा हा फरक पडद्यांच्या रचनेतच आहे, पेटीतही तोच आहे. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं पेटीवर बंदी घातली त्यामागच्या आक्षेपांतला हा एक. कुठलाही ट्यूनर तो फरक काढू शकत नाही आणि ४३२ वर गेल्याने तो एक सेंटही कमी होत नाही. एका कॉर्डसाठी तार उतरवलीत तर दुसरा कॉर्ड बिघडेल.

ॲपचं म्हणाल तर बंद खोलीत ते चालतं, अचूकही असतं. पण ॲप फोनच्या माइकने ऐकतं. शेजारी घुमट आणि शामेळ वाजत असेल, आरती रंगात आली असेल, तर ते काहीही दाखवतं. क्लिप ट्यूनरमध्ये पायझो सेन्सर असतो, तो हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाच्या, लाकडातलं कंपन पकडतो, त्यामुळे बाहेरच्या गोंगाटाचा त्याला फारसा त्रास नाही. चार माणसांत वाजवायचं असेल तर क्लिपच घ्या.

घेताना अचूकतेच्या दाव्यांवर जास्त पैसे घालवू नका. साधे ट्यूनरही एका सेंटच्या आसपास अचूक असतात, आणि बहुतेकांच्या कानाला पाच-सहा सेंटच्या आतला फरक कळत नाही. स्ट्रोब प्रकारचे ०.१ सेंटपर्यंत जातात, ते गिटार दुरुस्त करणाऱ्याला हवेत. दुकानात दोन गोष्टी करून बघा. ट्यूनरची स्क्रीन दारापाशी उन्हात नेऊन वाचता येते का, आणि सहाव्या तारेवर, म्हणजे ८२ हर्ट्झच्या जाड सुरावर, काटा ठरतो का. स्वस्तातले ट्यूनर इथेच गडबडतात. अंगठ्याने हळू छेडा, तरी काटा नाचत असेल तर दुसरा मागा. नव्याने शिकणाऱ्या मुलाला गिटार मोड असलेला द्या, ज्यात तारेचा क्रमांक दिसतो. क्रोमॅटिक मोडमध्ये नुसतं स्वराचं नाव दिसतं, मग मूल तिसरी तार जी च्या पुढे ए पर्यंत पिळत नेतं आणि ती तुटते.

आरोग्याची एवढी काळजी असलेल्या त्या संदेशात क्लिप ट्यूनरच्या एका खऱ्या धोक्याचा उल्लेखही नाही. बहुतेकांत सीआर २०३२ ही नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. लहान मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. घरात रांगतं मूल असेल तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारा ट्यूनर घ्या, जुनी बॅटरी उघड्यावर टाकू नका, आणि गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता थेट इस्पितळ गाठा.