लग्नाचा दाखला लॅमिनेट करायला कुणी सांगितलं?

रविवारी सांगलीहून आतेबहिणीचा फोन. "दादा, लग्नाचा दाखला लॅमिनेट करून आणलाय. आता अपोस्टील कुठं करायचं?" अपोस्टील म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचं, परदेशात दाखवायचं सरकारी प्रमाणपत्र. बहीण दुबईला नवऱ्याकडे निघालीय. हे कुणी सांगितलं विचारलं, तर उत्तर ठरलेलं: ग्रुपवर आलंय. "परदेशी जाणाऱ्यांनी जपून ठेवा", खाली मुद्दे, शेवटी हात जोडलेले.

"एकदा अपोस्टील केलं की कागद जगभर चालतो." हाच मुद्दा सगळ्यांत महागात पडतो. अपोस्टील ही 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारातली सोय. भारतात ती 14 जुलै 2005 पासून लागू आहे, पण चालते फक्त करारातल्या देशांत. संयुक्त अरब अमिरात त्या करारात नाही! कुवेत नाही, कतारही नाही. दुबईसाठी वाट जुनीच: आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन, मग अमिरातीचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास, आणि तिथं पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. मेसेज लिहिणाऱ्याचा भाचा बहुधा रियाधला असावा. सौदीत 7 डिसेंबर 2022 पासून अपोस्टील चालतं, म्हणून यांनी अख्खं आखात एका माळेत ओवलं. बरं, करारात असणं तरी पुरतं का? जर्मनी करारात आहे, पण भारताच्या प्रवेशावर त्यांनी आक्षेप नोंदवला. त्यामुळे आपलं अपोस्टील तिथं लागू नाही.

"अपोस्टील झालं म्हणजे कागदातला मजकूर सरकारने खरा ठरवला." साफ चूक. कराराचं पाचवं कलम वाचा, चार ओळींचं आहे. सही खरी, सही करणारा त्या पदावर होता, शिक्का अस्सल, एवढ्याचीच हमी. दाखल्यात नाव चुकलं असेल तर त्या चुकलेल्या नावामागंही अपोस्टील बिनदिक्कत चिकटतं आणि अडतं ते पुढं, परक्या देशातल्या खिडकीवर.

"झेरॉक्सवर नोटरीचा शिक्का पुरे." नाही पुरत. नोटरीनंतर थेट विमान नसतं, मधे वर सांगितलेल्या पायऱ्या आहेत.

"एजंटशिवाय होतच नाही." यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. जुलै 2012 पासून परराष्ट्र मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फत घेतं. पण त्या मंत्रालयाने नेमलेल्या असतात, गल्लीतला 'ओळख आहे'वाला नव्हे. अपोस्टीलची सरकारी फी कागदामागे 50 रुपये आहे. हजारोंचा आकडा कानावर आला की त्यातलं बाकीचं कशाचं, हे विचारायचं.

"सहा महिन्यांत बाद होतं." करारात मुदतच नाही. समोरचं कार्यालय ताजा दाखला मागू शकतं, ती गोष्ट वेगळी.

राहिलं लॅमिनेशन. अहो, शिक्के आणि स्टिकर कागदाच्या पाठीवर लागतात, प्लास्टिकवर कसे लागणार? बहीण आता नव्या प्रतीसाठी नोंदणी कार्यालयात जाणार आहे. जाताना नवऱ्याचा पासपोर्ट समोर धर म्हटलं. जुन्या दाखल्यावर त्याच्या आडनावात एक अक्षर जास्त आहे.