टर्बोची शिट्टी

गाडीत टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, आहे हे तोंडाने सांगावं लागू नये, ऐकू यावं, असं माझं मत होतं. माझ्या गाडीचा यायचा. गाडी नुसती उभी ठेवून इंजिन चालू केलं तरी बॉनेटखालून बारीक, सुरेल शिट्टी यायची. आलेल्या-गेलेल्याला मी मुद्दाम बाहेर नेऊन ती ऐकवत असे. "मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आतला पंखा," मी म्हणायचो, तो मीच फिरवत असल्यासारखा. पुतण्या तर मित्रांना घेऊन यायचा.

मग एका सकाळी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, गाडी उचकी लागल्यासारखी हिसके देऊ लागली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खोचायचा स्कॅनर आणला, तेव्हा मोबाइलवर उमटलं: पी ०१७१, सिस्टिम टू लीन, बँक वन. म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, आणि तीही फक्त पहिल्या बँकेत. दुसऱ्या बँकेचा कारभार चोख आहे या समाधानात मी अर्धा दिवस काढला. बँक म्हणजे सिलिंडरांची रांग, आणि एका ओळीत चार सिलिंडर असलेल्या इंजिनाला ती मुळात एकच असते, हे संध्याकाळी कळलं.

त्या रात्रीपासून वाचन सुरू झालं. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते. एक्झॉस्टमध्ये बसलेला ऑक्सिजन सेन्सर धूर हुंगतो, ऑक्सिजन जास्त उरलेला दिसला की कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. किती वाढवलं याची नोंद म्हणजे फ्युएल ट्रिम. ती पाच-सात टक्क्यांच्या आत असावी. माझी आयडलला +२४ होती. घरात कुणाला न विचारता हा गृहस्थ जवळजवळ पावपट पेट्रोल जास्त ओतत होता, आणि वर मलाच दिवा दाखवत होता.

पहिल्या मेकॅनिकने बॉनेटही उघडलं नाही. कोड ऐकला आणि म्हणाला, "ऑक्सिजन सेन्सर." मी निमूटपणे सेन्सर बदलून घेतला. दिवा पुन्हा लागला. नव्या सेन्सरने जुन्याचीच साक्ष शब्दशः दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच; बिचारा जुना सेन्सर खरं बोलत होता म्हणून गेला.

मग माझा संशय हवा मोजणाऱ्या मास एअर फ्लो सेन्सरवर गेला. त्याची तार मळली की तो येणारी हवा कमी सांगतो आणि पेट्रोलही त्या बेताने कमी पडतं. त्याच्यासाठीच मिळणारा स्प्रे आणला, तारेला बोट न लावता धुतला, कोड पुसला. दिवा गेला! दोन दिवस मी घरात इंजिनीअरसारखा वावरलो. तिसऱ्या दिवशी दिवा हजर. हा कोड बऱ्याच गाड्यांत लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावरच दिवा लावतो, म्हणजे माझ्या पुसण्याने दोष गेला नव्हता, नुसती पुढची तारीख पडली होती.

आता उरला टर्बो. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या होजना, म्हणजे हवेच्या रबरी नळ्यांना, कुठे चीर असेल तर? इथे माझी झोप उडाली. आयडलला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत, निर्वात असतो, म्हणून थ्रॉटलच्या, म्हणजे हवेच्या झडपेच्या, पलीकडे इंजिनाच्या बाजूला असलेल्या भोकातून चोरटी हवा आत येते आणि मिश्रण लीन होतं. ॲक्सिलरेटर दाबून बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आला की त्याच भोकातून मोजलेली हवा बाहेर निसटते, पेट्रोल मात्र मोजणीप्रमाणे पडतं, म्हणजे मिश्रण रिच, पेट्रोल जास्त. एकाच भोकाची सिग्नलवर कडकी आणि चढावर उधळपट्टी! असली माणसं मी पाहिली होती, होज पाहिला नव्हता.

भोक शोधायला साबणाचं पाणी घेतलं. इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोडावर फवारलं आणि फुग्यांची वाट पाहत बसलो. तासाभराने बायको बाहेर आली. "हवा आत ओढली जातेय म्हणता ना? मग फुगे बाहेर कसे येतील?" एवढंच विचारून ती आत गेली. शेजारचे अप्पा म्हणाले, "कार्ब क्लीनर मार, आवाज बदलेल तिथे भोक." तापलेल्या टर्बोशेजारी पेटता येणारा फवारा! अप्पा तीन पावलं मागे सरकून सल्ला देत होते, त्यावरून मी काय ते ओळखलं.

दुसरा मेकॅनिक कमी बोलणारा होता. त्याने स्कॅनर लावला, आयडलची ट्रिम पाहिली, मग इंजिन २५०० फेऱ्यांवर धरलं. +२४ चा आकडा उतरत उतरत +५ वर आला.

"पंप, फिल्टर ठीक आहेत," तो म्हणाला. "ते गेले असते तर लोड वाढल्यावर आकडा चढला असता. बूस्टमध्ये लीन चालली असती तर नॉकिंग, म्हणजे सिलिंडरात अवेळी स्फोट, होऊन पिस्टनवर बेतलं असतं. ही बाहेरची हवा आहे. इंजिन जास्त हवा घ्यायला लागलं की तिचा वाटा जाणवेनासा होतो."

मी मान डोलावली. तो इंजिनावर वाकला, कान लावला.

"ही शिट्टी कधीपासून आहे?"

"टर्बो आहे ना," मी अभिमानाने म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "साहेब, गाडी उभी आहे. टर्बोला आत्ता काही काम नाही."

त्याने ऑइलचं झाकण फिरवलं. निघेना, आतून कुणी ओढून धरल्यासारखं. जोर लावून उचललं, तसं इंजिन डचमळलं आणि शिट्टी थांबली. झाकण ठेवलं, शिट्टी सुरू. पुन्हा उचललं, बंद. एवढं करून त्याने इंजिन बंद केलं आणि खात्रीसाठी इनटेकमध्ये धूर सोडला. इंजिनच्या वरच्या कव्हरवर पीसीव्हीची, म्हणजे इंजिनाच्या पोटातले वायू परत इनटेकमध्ये नेणाऱ्या व्हॉल्व्हची, गोल टोपी असते, तिच्या टाचणीएवढ्या छिद्रातून धुराची रेघ शांतपणे वर चढली. आतला रबरी पडदा फाटला होता. त्यातून हवा ओढली जायची, ती शिट्टी वाजवत जायची, आणि मी लोकांना बोलावून ऐकवायचो.

पडदा बदलला. ट्रिम +२. दिवा विझला तो विझलाच, आयडल इतका गुळगुळीत की इंजिन चालू आहे का हे पाहायला काट्याकडे बघावं लागतं.

रविवारी पुतण्या दोन नवे मित्र घेऊन आला. मी इंजिन चालू केलं. तिघेही बॉनेटजवळ बराच वेळ कान देऊन उभे राहिले.

"काका," पुतण्या हळूच म्हणाला, "टर्बो काढून टाकलात का?"