वाचनाचा सहामाही निकाल लावू नका

जून संपला की टाइमलाइनवर एका ठरावीक प्रकारच्या पोस्टी सुरू होतात. वर्ष अर्धं संपलं, वाचन किती झालं, चित्रं किती झाली, ठरवलेल्यातलं किती राहिलं. कोणी आनंदाने लिहितं, पण बरेच जण खंतावून लिहितात की यंदा काहीच जमलं नाही, ५० पुस्तकांचं ठरवलं होतं आणि ९ वर अडकलोय, आता डिसेंबरपर्यंत भरून काढायचंय. हे वाचून मला खरंच वाईट वाटतं, कारण ९ पुस्तकं वाचलेला माणूस ती ९ कुठली, त्यातलं कुठलं मनात राहिलं याबद्दल एक अक्षर लिहीत नाही, सगळी पोस्ट न वाचलेल्या ४१ पुस्तकांवर.

माझं म्हणणं सरळ आहे. कर्ज फेडायचंय, परीक्षा द्यायचीय, डॉक्टरांनी गुडघ्याचे व्यायाम सांगितलेत, अशा गोष्टींचा जुलैत हिशेब जरूर करा, आकडे मांडा, कमी पडत असेल तर वेग वाढवा. पण आवडीचं वाचन, आपल्यापुरतं चित्र काढणं, गाणं, विणकाम, कविता, यांचा सहामाही निकाल लावू नका. जानेवारीत तो आकडा ज्याने ठरवला त्याला पुढचे सहा महिने कसे जाणारेत हे कुठे माहीत होतं? मधे कोणाची नोकरी बदलली, कोणाच्या घरी आजारपण आलं, कोणाला बाळ झालं. एवढं सगळं होऊनही आकडा तोच, आणि वाचलेल्या पुस्तकांचा हिशेब ठेवणारं अॅप रोज सांगतंय की तुम्ही इतकी पुस्तकं मागे आहात. मागे म्हणजे कोणाच्या मागे? आपल्याबरोबर कोणी धावतच नाहीये ना.

वर्षाच्या मधोमध पुन्हा सुरुवात करावीशी वाटते यात मात्र काही चूक नाही, उलट ती फार चांगली गोष्ट आहे. २ जुलै हा वर्षाचा बरोबर मधला दिवस, लीप वर्ष नसेल तर आधी १८२ दिवस आणि नंतर १८२. अशा तारखांचा मनावर खरोखर परिणाम होतो. हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये यावर संशोधन प्रसिद्ध केलं, त्यात दिसलं की आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला लोक जास्त प्रमाणात जिमला जातात, डाएटबद्दल जास्त शोधतात. जुनं मागे टाकून नवीन पान उघडल्यासारखं वाटतं म्हणून. मला यातलं सगळ्यात आवडलेलं काय, तर यासाठी १ जानेवारीच लागतो असं नाही, साधा सोमवारही चालतो. तेव्हा ज्यांना जुलैत पुन्हा पुस्तक हातात घ्यावंसं वाटतंय त्यांनी ते नक्की घ्यावं, फक्त जुन्या बाकीचं ओझं सोबत घेऊ नये.

आता आकड्याचं नक्की काय वाकडं आहे ते सांगते. जॉर्डन एटकिन यांचा २०१६ चा एक अभ्यास आहे, त्यात लोकांना चालणं, चित्र रंगवणं, वाचणं अशा आवडीच्या गोष्टी करायला दिल्या आणि काहींना आपण किती केलं हे मोजायला लावलं. मोजणाऱ्यांनी काम जास्त केलं हे खरं, पण त्यांना त्यात मजा कमी आली, आणि पुढे ती गोष्ट करत राहण्याची इच्छाही कमी झाली. लक्ष किती झालं याकडे गेलं की आवडीची गोष्ट कामासारखी वाटायला लागते. म्हणजे आकडा वाढतो आणि ज्यासाठी हे सगळं चाललंय तेच आटतं!

वाचणाऱ्या माणसाला हे समजायला खरं तर अभ्यासाचीही गरज नाही. टार्गेट लावलं की आपण पुस्तकं निवडतोच वेगळी. पातळ पुस्तक आधी उचललं जातं, सातशे पानांची कादंबरी पुढच्या वर्षावर जाते कारण तेवढ्या वेळात चार छोटी होतील. आवडलेलं पुस्तक दुसऱ्यांदा वाचायला मन घेत नाही, कारण ते तर आधीच मोजून झालंय. खरं म्हणजे पुन्हा वाचण्याइतकं सुख दुसऱ्या वाचनात क्वचित असतं, गोष्ट माहीत असते त्यामुळे घाई नसते आणि पहिल्या वेळी नजरेतून सुटलेली वाक्यं दिसायला लागतात. कवितासंग्रहाचे तर फार हाल होतात. मोजायला बसलं तर तो तासाभरात संपतो, पण ज्या संग्रहातल्या एका कवितेवर आपण आठवडाभर थांबलो, जिन्यात, प्रवासात, अंघोळ करताना तिच्याच ओळी डोक्यात फिरत राहिल्या, तो तुमच्या यादीत कुठे बसवणार? कंटाळवाणं पुस्तकही टार्गेटमुळे सोडवत नाही, दीडशे पानं झालीयत, आता सोडलं तर मोजलं जाणार नाही, म्हणून लोक महिना महिना त्यातच अडकून राहतात आणि मग वाचनच बंद पडतं. ऑडिओबुक ऐकणारे वेग वाढवून ऐकतात. कोणाला घाईची सवय असेल तर असो, पण निवेदकाने मुद्दाम घेतलेला थांबा त्यात उडून जातो, आणि गोष्टीचा निम्मा जीव कित्येकदा त्या थांब्यात असतो.

आवडीला बाहेरून काही जोडलं की तिचं काय होतं, यावर लहान मुलांबरोबर केलेला १९७३ चा एक प्रयोग मी भेटेल त्याला सांगत असते. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी मुलं निवडली ज्यांना मुळातच चित्रं काढायची हौस होती. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल, काहींना काही न सांगता नंतर अचानक बक्षीस दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिलं तर बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेल्या मुलांनी रंगीत पेनांना बाकीच्यांपेक्षा कमी वेळ हात लावला. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र शाबूत होती.

माझी भाची चित्रं काढते, तासनतास काढते, आणि घरी येणारा प्रत्येक मोठा माणूस कौतुकानेच विचारतो की कुठल्या स्पर्धेत पाठवणार, मग परीक्षा कुठली देणार. कोणी विचारत नाही की हा माणूस झाडावर का बसलाय. मला तेवढंच विचारावंसं वाटतं आणि मी तेच विचारते, मग ती अर्धा तास त्या माणसाची गोष्ट सांगते. मोठ्यांच्या बाबतीतही हेच चाललंय, कोणी सुंदर विणलं, कोणी कुंड्या रंगवल्या, की लगेच पेज काढ, ऑर्डरी घे, रील टाक. ज्यांना त्यातून कमवायचंय त्यांनी जरूर कमवावं, कष्टाचे पैसे आहेत, मान आहे त्याला. पण ज्याला दिवसभराच्या नोकरीनंतर फक्त रंगात हात घालायचाय त्याला तेवढं करू द्या ना. प्रत्येक आवडीतून काहीतरी उभं राहिलंच पाहिजे असं कोणी ठरवलं?

एका मैत्रिणीशी यावर माझा बराच वाद झाला. तिचं म्हणणं की कॉलेजनंतर तिचं वाचन पूर्ण सुटलं होतं, वाचनाच्या चॅलेंजमुळेच ती परत आली, आकडा नसता तर फोनच बघत बसली असती. मला ते पटतं. ज्याची आवड झोपलीय त्याला जागं करायला एखादा आकडा उपयोगी पडत असेल. लेपर यांच्या प्रयोगातली मुलंही आधीपासून आवड असलेलीच होती हे विसरून चालणार नाही. पण आवड जागी झाल्यावरही आकडा कशाला धरून ठेवायचा? माझा आग्रह एवढाच आहे, आणि शेवटी तीही म्हणाली की यंदाच्या पुस्तकांपेक्षा तिला यंदाचा ग्राफ जास्त आठवतो.

मग करायचं काय, तर वेळ ठरवा, आकडा ठरवू नका. २१ दिवसांत सवय लागते असं जे सगळीकडे फिरत असतं ते सोडून द्या. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला, खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या साध्या सवयी होत्या. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण माणसागणिक हा अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. १ जुलैपासून मोजलं तर ६६ वा दिवस ४ सप्टेंबरला येतो आणि २५४ वा थेट पुढच्या मार्चमध्ये, म्हणजे कोणाला वेळ लागला तर त्याच्यात काही कमी आहे असं अजिबात नाही. आणि एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं. त्या लोकांनी नवीन गोष्ट रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडली होती, अमुक झालं की तमुक करायचं अशी. ते वाचनाला छान लागू होतं असं मला वाटतं, रात्री दिवा मालवण्याआधी, मुलाला क्लासला सोडून वाट बघताना, जिथे तुमच्या दिवसात फट आहे तिथे. मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवते आणि उशाशी दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं ठेवते, ज्या रात्री जे हाताला येईल ते. आवडलेलं वाक्य वहीत उतरवते, नंबर घालत नाही.

आणि ज्यांच्याकडे फटच नाहीये, म्हणजे घरात कोणी अंथरुणाला खिळलंय, दोन-दोन नोकऱ्या चालल्यात, त्यांना प्लीज वेळ काढ गं, स्वतःसाठी जग, असं सांगू नका. त्यांना एखादी छोटी कथा मोठ्याने वाचून पाठवा, फोनवर रेकॉर्ड करून. भांडी घासताना ऐकतील. किंवा तासभर त्यांच्या पेशंटजवळ जाऊन बसा, तेवढ्यात ते वाचतील नाहीतर झोपतील, दोन्ही त्यांच्या हक्काचं आहे.

अर्धवट राहिलेल्या गोष्टींबद्दल मला बरेच जण विचारतात, जानेवारीत सुरू केलेली कथा, अर्धं विणलेलं स्वेटर. ती एकदा बाहेर काढून नुसती बघा. हात आपोआप पुढे गेला तर आजच थोडं करा. नाही गेला तर लोकर उसवून ठेवा, दुसऱ्या कशाला तरी उपयोगी पडेल, आणि कथेतलं एखादं पात्र आवडत असेल तर तेवढं वहीत टिपून ठेवा. आणि अॅपमधलं टार्गेट काढून टाकता येत असेल तर तेही काढून टाका.