मोड, पेलेट आणि हुरडा: प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही नातवंडांचा उल्लेख केलात, म्हणून काका म्हणते. 'कॉकटिएलला कच्चं आणि मोडाचं खाणं' या माझ्या लेखावर (कॉकटिएल म्हणजे तुरेवाला छोटा पोपट) तुम्ही तीन गोष्टी सुनावल्यात: हे 'नैसर्गिक'चं फॅड आहे, जंगलात पाखरांना मोड कोण आणून देतं, आणि मोड म्हणजे जंतूंची शेती. शिवाय तुमचा आफ्रिकन ग्रे, म्हणजे राखाडी पोपट, ११ वर्षं फक्त पेलेटवर, म्हणजे पक्ष्यांच्या तयार गोळीखाद्यावर, ठणठणीत आहे. पहिलं वाचल्यावर राग आला, तिसऱ्यावर मात्र गप्प बसले.

आधी तिसरंच घेते, कारण तिथे चूक माझी आहे. आपण मटकीला मोड आणतो ते उसळीसाठी. रात्री फडक्यात बांधली, सकाळी जरा अंबूस वास आला तरी कुणी टाकून देत नाही. फोडणी बसते, दाणा शिजतो. पाखरू मात्र तोच दाणा कच्चा खातं. हा फरक मी लेखात लिहिलाच नव्हता, आणि तो मला चांगलाच माहीत होता. गेल्या श्रावणात मटकी किंचित बुळबुळीत लागली, तरी दोन पाण्यांनी धुऊन वाटीत घातली. दुसऱ्या दिवशी आमची बया (आमची कॉकटिएल) पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली, विष्ठा हिरवी पाण्यासारखी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९२ ग्रॅमची ८४ भरली. एवढ्याशा जिवाला आठ ग्रॅम म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. औषधावर वाचली. हे लिहायची लाज वाटली म्हणून गाळलं, दुसरं कारण नाही.

तुम्ही दिलेलं २०११ चं जर्मनीचं उदाहरणही बरोबर आहे. इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांच्या मोडांतून ई. कोलाय हा जंतू पसरला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. जंतू बीवरच असले तर नंतर मोड कितीही धुवा, उपयोग मर्यादितच. म्हणून आता पावसाळ्यात मी मोड बंदच ठेवते. एरवी फडकं नाही, स्टीलची चाळणी; एका वेळी दोन चमचे मूग किंवा राळे, आठ तास भिजवून, दर चार-पाच तासांनी धुऊन. शेपटी दिसली की लगेच द्यायचं, लांब मोडाची वाट बघायची नाही. दोन तासांत वाटी उचलायची. दाणे किराणा दुकानातलेच, कारण पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं. आणि लेखात मी 'कोणतंही कडधान्य' म्हटलं होतं ते साफ चूक. कच्च्या राजम्यातलं विष मोड आणून जात नाही, चांगला उकळावा लागतो. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

आता जंगलाचं. मोड कुणी आणून देत नाही, कबूल. पण ऑस्ट्रेलियात रानातले कॉकटिएल ज्वारीच्या शेतात उतरतात तेव्हा पक्क्या, कडक दाण्यापेक्षा कोवळा दाणा पसंत करतात. म्हणजे हुरडाच की! भिजून मोड आलेला दाणा हा त्या हुरड्याचा गरीब भाऊ आहे, एवढंच माझं म्हणणं. दाणा रुजताना साठवलेलं तेल आणि पिष्ट थोडं खर्ची पडतं, दाणा मऊ होतो, आणि सूर्यफुलाशिवाय दुसऱ्या कशाला चोच न लावणारं पाखरूही त्याला तोंड लावतं. माझं भांडण पेलेटशी कधीच नव्हतं. ते आहे नुसत्या सूर्यफुलाच्या वाटीशी. त्या बीत निम्मं तेल, अ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच, कॅल्शियम अगदी कमी. पाखरं विकणारे पुष्कळदा हेच बांधून देतात, आणि वर्षानुवर्षं नुसतं तेच खाल्लं तर पाखरू चरबीने यकृत निकामी होऊन जाऊ शकतं.

'मोडात जीवनसत्त्वं भरपूर' हे वाक्य मात्र मी मागे घेते. क जीवनसत्त्व पोपट स्वतःच तयार करतात, आणि अ नि कॅल्शियम मोडाने फारसं वाढत नाही. ते गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला यातूनच यायला हवं. आमच्याकडे आज साधारण निम्मे पेलेट, उरलेल्यात भाजी-पाला जास्त आणि मोड चमचाभर.

तुमच्या ग्रेबद्दल एवढंच म्हणेन: हे पक्षी चाळीस वर्षांच्या पुढे जगतात, ११ म्हणजे पोरवय. या जातीला कॅल्शियम कमी पडलं तर झटके येतात, म्हणून रक्ताची तपासणी झाली नसेल तर एकदा करून घ्या. आणि पिंजरा उन्हात ठेवत असाल तर खिडकी उघडी ठेवा. काचेतून आलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व बनत नाही. गाजर त्याने नाकारलं असं लिहिलंत. चकत्या नका देऊ, किसून पेलेटवर भुरभुरा. आमच्या बयेने दहा-बारा दिवस सगळं पाण्याच्या वाटीत फेकलं होतं, मग एके सकाळी बघते तर चोच नारिंगी.